क्रांतिक घातांक चुकतोय? आधी या चुका टाळा

आयसिंग मॉडेलचा (जाळीच्या प्रत्येक बिंदूवर वर किंवा खाली तोंड केलेला स्पिन असलेलं चुंबकाचं साधं प्रारूप) प्रोग्रॅम चालतो, आलेखही देखणा येतो, पण द्विमितीत चुंबकनाचा घातांक β (क्रांतिक तापमानाजवळ, म्हणजे जिथे चुंबकत्व नाहीसं होतं तिथे, चुंबकन किती वेगाने शून्याकडे जातं ते सांगणारी संख्या) काही केल्या १/८ येत नाही. मग लोक प्रोग्रॅममध्ये बग शोधत बसतात. दोष बहुतेक वेळा मोजण्याच्या पद्धतीत असतो.

त्याआधी एक गैरसमज. चौरस जाळीवर क्रांतिक तापमान २.२६९ (J/k च्या एककात; J म्हणजे शेजारच्या स्पिनमधल्या परस्परक्रियेची ताकद, k म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक), त्रिकोणी जाळीवर ३.६४१. हा फरक पाहून ‘सार्वत्रिकता (वेगवेगळ्या जाळ्यांवर क्रांतिक वर्तन सारखंच असणं) कुठे गेली?’ असं विचारू नका. तापमान सार्वत्रिक नसतंच. सार्वत्रिक असतात ते घातांक, आणि ते ठरतात मिती, स्पिनची सममिती आणि परस्परक्रियेचा पल्ला यांवरून. दोन्ही जाळ्यांवर β १/८ च. त्रिमितीत गेलात की तो सुमारे ०.३२६ होतो.

m ची, म्हणजे प्रति स्पिन चुंबकनाची, नुसती सरासरी घेऊ नका. छोटी जाळी अधूनमधून उलटते आणि सरासरी शून्याकडे सरकते. |m| घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एकाच आकाराच्या जाळीवर लॉग-लॉग आलेख काढून उतार मोजणं. क्रांतिक बिंदूजवळ सहसंबंध लांबी (जितक्या अंतरापर्यंत स्पिन एकमेकांशी जुळलेले राहतात) जाळीच्या बाजूएवढी, म्हणजे L एवढी होते आणि वक्र गोलावतो. लांब गेलं तर घातनियमच धड लागू होत नाही. मधली पट्टी अरुंद, शिवाय गृहीत धरलेलं तापमान जरा हललं की उतारही हलतो. ग्राहिता (चुंबकनातल्या चढउतारांचं माप) जिथे सर्वाधिक, तेच क्रांतिक तापमान असंही धरू नका. ते शिखर L वाढेल तसं सरकत जातं. बिंडर गुणकाचे (m² आणि m⁴ यांच्या सरासऱ्यांच्या गुणोत्तरावरून काढलेली राशी) वेगवेगळ्या L चे वक्र जिथे छेदतात ते तापमान घ्या आणि तिथे L बदलत जा. बाजू दुप्पट केली की ग्राहिता सुमारे ३.४ पट वाढायला हवी, चुंबकन मात्र जेमतेम ८ टक्के घटतं. त्रुटी ५ टक्के असेल तर β विसरा. (छेदबिंदूवरचं ०.६११ हे मूल्य चक्रीय सीमा असलेल्या चौरस जाळीचं आहे. खुल्या सीमांशी त्याची तुलना नको.)

त्रुटी काढतानाही फसगत होते. एकेक स्पिन उलटवून पाहणाऱ्या मेट्रोपोलिस पद्धतीत स्वसहसंबंध काळ (मापनं एकमेकांपासून स्वतंत्र व्हायला लागणारा काळ) साधारण L^२.१७ ने वाढतो, म्हणजे १६ वरून १२८ वर गेलात तर जवळपास ९० पट. लागोपाठची मापनं स्वतंत्र मानून √N ने भागलं की त्रुटी खोटी लहान दिसते. मापनांचे लांब गट पाडा, नाहीतर स्पिनचे पुंजके एकदम उलटवणारी १९८९ ची वुल्फ पद्धत वापरा.

पण वुल्फ वापरताना यादृच्छिक संख्यांचा जनक तपासा. १९९२ मध्ये फेरनबर्ग, लँडाऊ आणि वाँग यांनी दाखवलं की चांगला समजला जाणारा आर-२५० हा जनक वुल्फसोबत चुकीची ऊर्जा देतो, साध्या मेट्रोपोलिससोबत मात्र ठीक चालतो. द्विमितीत सांत जाळीची ऊर्जा नेमकी काढता येते. घातांकांच्या मागे लागण्याआधी ती जुळते का ते पाहा.