फेडरल जंगलातल्या वीजवाहिन्या: वणव्याच्या हंगामाआधी आराखडा मंजूर कसा करून घ्यावा

अमेरिकेत फॉरेस्ट सर्व्हिस किंवा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी वनं-जमिनी सांभाळणाऱ्या फेडरल (केंद्रीय) खात्यांच्या जमिनीवरून वीजवाहिनी गेली असेल, तर धोक्याचं झाड दिसलं की करवत लावली, असं चालत नाही. जमीन सरकारची आणि झाडही सरकारचं. पण त्याच झाडामुळे वणवा लागला, तर आग विझवण्याच्या खर्चापासून जंगलाच्या नुकसानीपर्यंतचा दावा कंपनीवर येऊ शकतो. २०१७च्या थॉमस वणव्याप्रकरणी सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने चूक मान्य न करता २०२४मध्ये फेडरल सरकारला ८ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली.

यावरचा उपाय २०१८मध्ये कायद्यातच आला. १९७६च्या फेडरल जमीन धोरण व व्यवस्थापन कायद्यात कलम ५१२ घालण्यात आलं. वाहिनीच्या मालकाने झाडांची छाटणी, तपासणी, देखभाल-दुरुस्ती यांचा आराखडा द्यायचा आणि खात्याने तो शक्यतो १२० दिवसांत निकाली काढायचा, अशी त्याची रचना आहे. मोठ्या पारेषण वाहिन्यांसाठीच्या सक्तीच्या मानकांच्या कक्षेत न येणाऱ्या किंवा मागच्या तीन वर्षांत प्रत्येक वर्षी १० लाख मेगावॉट-तासांपेक्षा जास्त किरकोळ वीज न विकलेल्या छोट्या सहकारी संस्थांना आराखड्याऐवजी करार करता येतो. तो मार्ग हलका आहे, तो जरूर तपासा.

तारखा उलट्या मोजा. १ जूनला हंगाम सुरू होतो असं धरलं, तर १२० दिवस मागे गेल्यावर १ फेब्रुवारी येते. पण आराखडा एकदा तरी शंका काढून परत येतो, हे गृहीतच धरा आणि नोव्हेंबरात दाखल करा. सगळ्यात जास्त वेळ जातो तो दुर्मीळ प्रजाती आणि पुरातत्त्वीय स्थळांच्या तपासणीत. म्हणून घरट्यांचा काळ आणि संरक्षित स्थळं आधीच नकाशावर दाखवून द्या.

आराखड्यात प्रत्येक कामाची वर्गवारी स्पष्ट लिहा: कोणतं काम परवानगीशिवाय, कोणतं नुसत्या सूचनेवर, कोणतं लेखी मंजुरीनंतरच. ‘गरजेनुसार छाटणी’ असं मोघम लिहिलं की दर वेळी रेंजरच्या कार्यालयात फेरी मारावी लागते. वाहिनीसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्टीची रुंदी, छाटणीचं चक्र किती वर्षांचं, फांद्यांचा पाला-कचरा कुठे व कसा टाकायचा, हे आकड्यांत द्या. पाला तिथेच पडला, तर तारेखाली सुकं जळण तयार होतं. आणि झाड तोडण्याची मुभा मिळाली म्हणजे लाकूड विकण्याची मुभा मिळाली असं नाही. ओंडक्यांचं काय करायचं, हे वेगळं ठरवून घ्या.

धोक्याच्या झाडाची व्याख्या पाठच करा. झाड पट्टीच्या बाहेर असलं तरी ते या व्याख्येत बसू शकतं. मात्र ते पडण्याआधीच, खात्याच्या किंवा कंपनीच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या परवानाधारक वृक्षतज्ज्ञाने किंवा वनतज्ज्ञाने तसं ठरवलेलं असावं लागतं. झाड मेलेलं, पुढच्या देखभालीआधी मरेल वा कोसळेल असं, किंवा वाहिनीवर पडू-झुलू शकेल अशा जागी असावं. शिवाय त्याने मोठं नुकसान होण्याची, वीज खंडित होण्याची किंवा ते तारेच्या १० फुटांच्या आत येण्याची शक्यता असावी. नुसता रंगाचा पट्टा मारून भागत नाही. खांब क्रमांक, जीपीएस, प्रजाती, खोडाचा व्यास, कल, दोष, तारेपासूनचं अंतर, तज्ज्ञाचा परवाना क्रमांक, तारीख आणि फोटो अशी प्रत्येक झाडाची एक नोंद हवी.

झाड तारेला टेकलंच असेल किंवा कोणत्याही क्षणी टेकेल अशी स्थिती असेल, तर आधी कापा. मात्र एका दिवसाच्या आत स्थानिक अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. फोन केलात तरी ईमेल पाठवाच.

आता मानकांच्या मर्यादेबद्दल. २००३मध्ये मोठ्या भागातली वीज गेल्यानंतर तारा आणि झाडं यांच्यातल्या अंतराचे नियम सक्तीचे झाले, पण त्याबद्दलचं ‘फॅक-००३’ हे मानक प्रामुख्याने २०० किलोव्होल्ट आणि त्यावरच्या वाहिन्यांना लागू होतं. २०१८च्या कॅम्प वणव्यात ८५ जण गेले, तो ज्या वाहिनीमुळे लागला ती ११५ किलोव्होल्टची होती. आणि त्या वणव्याचं कारण झाड नव्हतंच. मनोऱ्यावरचा जुना हुक झिजून तुटला होता. वाऱ्यात हुक हलत राहतो, तो ज्या भोकात अडकवलेला असतो तिथे लोखंडावर लोखंड घासतं आणि झीज नेमकी आतल्या बाजूला होते. खालून पाहून ती दिसत नाही, वर चढूनच पाहावी लागते. २०२१चा डिक्सी वणवा वितरण वाहिनीवर पडलेल्या झाडामुळे लागला. तिथे तीनपैकी दोन फ्यूज उडाले, तिसरा शाबूत राहिला आणि तारेत वीज चालूच राहिली. म्हणून जंगलातल्या फीडरवर (वितरण वाहिनीवर) तिन्ही फेजच्या तारांची वीज एकदम तोडणारं साधन बसवा आणि हंगामात रिक्लोजरचं, म्हणजे तुटलेली वीज परत चालू करणाऱ्या स्विचचं, आपोआप पुन्हा जोडणं बंद ठेवा.

छाटणीच्या दिवशीचे नियमही वेगळे असतात. ओरेगॉन-वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय वनांत आगीच्या खबरदारीच्या चार पातळ्या असतात. दुसऱ्या पातळीला बहुतेक ठिकाणी दुपारी १ ते रात्री ८ साखळी-करवत बंद ठेवावी लागते. टोळीला पहाटे पाठवा. यंत्रांना ठिणगी-रोधक जाळी, सोबत फावडं व पाण्याचा पंप असू द्या आणि काम थांबल्यावर किमान तासभर एक माणूस तिथेच बसवा.

जून २०२५च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने फेडरल ऊर्जा नियामक आयोगाला मोठ्या वीजजाळ्यासाठी वणवा टाळण्याच्या उत्तम पद्धती ठरवण्याचा विचार करायला सांगितलं. त्यामुळे आराखड्यात दर वर्षी फेरतपासणीचं एक कलम ठेवा.

शेवटी कागद. कलम ५१२ प्रमाणे खात्याने आराखड्याची मंजुरी विनाकारण रोखली किंवा लांबवली, तर त्यामुळे झालेल्या नुकसानीसाठी कंपनीवर ‘चूक असो वा नसो’ अशी जबाबदारी लादता येत नाही. हे सिद्ध करायचं तर दाखल केल्याची पोच, प्रत्येक शंकेची तारीख आणि तुमच्या उत्तराची तारीख एकाच फाइलमध्ये लागते. ती फाइल पहिल्या दिवशीच उघडा.