शेंगेन व्हिसावरचे दिवस मोजताना

शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणारा एकच व्हिसा. त्यावर १ ते ३० तारीख दिसली की आपण ३० दिवस राहू शकतो असं वाटतं, आणि परतीचं तिकीट चुकतं.

स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात. 'पासून-पर्यंत' या तारखा म्हणजे फक्त खिडकी. खरा आकडा त्याच्या खालच्या 'ड्युरेशन ऑफ स्टे' या रकान्यात असतो. तिथे १५ लिहिलं असेल तर त्या ३० दिवसांतले कुठलेही १५ दिवसच तुमचे. पासपोर्ट हातात आल्या आल्या, तिथेच उभं राहून हा आकडा बघा.

मोजायचं असं:

१. प्रवेशाचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरा. ५ मे ते १४ मे म्हणजे ९ नाही, १० दिवस.
२. व्हिसा अनेक प्रवेशांचा असेल तर परतीच्या तारखेपासून मागे १८० दिवस मोजा. त्यात शेंगेन देशांतले सगळे दिवस मिळून ९० च्या वर जाता कामा नयेत. मधल्या प्रत्येक दिवसालाही हाच नियम, म्हणून हाताने मोजण्यापेक्षा युरोपियन कमिशनच्या साइटवरचं मोफत कॅल्क्युलेटर वापरा.
३. आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत, तिथले दिवस यात धरू नका.

रात्री साडेबारा-एकचं विमान जरा जपून. पासपोर्ट तपासणी बाराच्या आत झाली तर ठीक, नाहीतर अख्खा एक दिवस वाढतो. मी तर शेवटचा एक दिवस मोकळाच ठेवते. विमान रद्द झालं तर तोच कामी येतो.