पायथॉन स्क्रिप्ट ग्राहकाला देताना सोर्स कोड कसा झाकावा

जी स्क्रिप्ट ग्राहकाच्या संगणकावर चालायची आहे ती त्या संगणकाला वाचता आलीच पाहिजे, आणि म्हणून चिकाटीच्या माणसालाही ती आज ना उद्या वाचता येते. हे मान्य करून, सगळा प्रकल्प झाकण्याच्या खटाटोपात न पडता, ज्या दोन-चार फंक्शनांत तुमची खरी मेहनत आहे तेवढीच वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढून घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे.

पहिला मोह नुसती पीवायसी फाइल, म्हणजे पायथॉनने कोडपासून बनवलेल्या यंत्रसुलभ बाइटकोडची फाइल, पाठवण्याचा होतो. ती एकदा साध्या एडिटरमध्ये उघडून पाहावी: अगम्य चिन्हांच्या गर्दीत फंक्शनांची नावे, डॉकस्ट्रिंग (फंक्शनची माहिती देणारा मजकूर) आणि कोडमध्ये लिहिलेला डेटाबेसचा पासवर्ड स्वच्छ वाचता येतो. पायइन्स्टॉलर या स्क्रिप्टपासून थेट चालणारी फाइल बनवणाऱ्या साधनाच्या एक्झी फाइलमध्येही हाच बाइटकोड भरलेला असतो आणि तो बाहेर काढणारी साधने मोफत मिळतात. बाइटकोड एन्क्रिप्ट करण्याची पायइन्स्टॉलरमधली सोय ६.० या आवृत्तीत काढून टाकण्यात आली. किल्ली कुलपासोबतच जात असल्याने तिचा उपयोग बेताचाच होता.

त्यापेक्षा वेगळे काढलेले मॉड्यूल सायथॉन या साधनाने कंपाइल करावे, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवावे. त्यासाठी लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर आणि विंडोजवर मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल सी++ बिल्ड टूल्स लागतात. ‘सायथनाइझ’ ही आज्ञा ‘आय’ या पर्यायासह चालवली की पायथॉन कोडचे आधी सी भाषेत रूपांतर होते आणि मग त्याच फोल्डरमध्ये लिनक्ससाठी एसओ किंवा विंडोजसाठी पीवायडी फाइल तयार होते. ही फाइल सहसा पायथॉनच्या त्याच आवृत्तीवर चालते, म्हणजे ३.११ साठी बनवलेली ३.१२ वर चालत नाही; त्यामुळे ग्राहकाकडची आवृत्ती आधी विचारून घ्यावी.

येथे दोन चुका हमखास होतात. मधल्या टप्प्यात तयार झालेल्या सी फाइलमध्ये तुमच्या मूळ ओळी टिप्पणी म्हणून जशाच्या तशा उतरलेल्या असतात, त्यामुळे ती चुकूनही पाठवू नये. शिवाय मूळ पीवाय फाइल शेजारी राहिली तरी पायथॉन आधी कंपाइल केलेलीच फाइल उचलतो. कार्यक्रम सुरळीत चालतो आणि मूळ कोड ग्राहकाकडे गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पासवर्ड, एपीआयच्या (बाहेरच्या सेवा वापरण्याच्या) किल्ल्या आणि ज्यावर धंदा उभा आहे असे सूत्र मात्र कंपाइल करूनही देऊ नये. ते आपल्या सर्व्हरवर ठेवून स्क्रिप्टला फक्त उत्तर पाठवावे. स्क्रिप्टमध्ये वापरलेली एखादी लायब्ररी जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची असेल, तर वाटप करताना मूळ कोड देण्याचे बंधन येऊ शकते, हेही आधीच तपासावे.

पाठवण्यापूर्वी पॅकेज रिकाम्या फोल्डरमध्ये उलगडून त्यात पीवाय किंवा सी फाइल उरली आहे का ते शोधावे, कंपाइल केलेल्या फाइलवर लिनक्सची ‘स्ट्रिंग्ज’ ही फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी आज्ञा चालवावी आणि पडद्यावर येणारा मजकूर ओळ न ओळ वाचावा.