पाण्याच्या कमी दाबामुळे गॅस गिझर पेटत नसेल तर

नाशिकला डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की सकाळी सहाच्या सुमारास अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते : नळ सोडला, पाणी येते आहे, पण गिझर पेटत नाही. मग सेल बदलले जातात, सिलिंडर हलवून पाहिला जातो आणि शेवटी मेकॅनिकला फोन होतो. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी त्याआधी पाण्याच्या दाबाकडे पाहावे, कारण तिथे दोष पुष्कळदा गिझरच्या बाहेरच असतो.

थंड पाणी गिझरमध्ये जिथून शिरते, तिथे एक वॉटर व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या पोटात रबरी पडदा असतो, ज्याला मेकॅनिक डायफ्राम म्हणतात. पाणी पुरेशा वेगाने वाहू लागले की हा पडदा सरकतो, एक बारीक पिन पुढे ढकलतो आणि त्या पिनेने स्विच दाबला गेल्यावरच टकटक आवाज करीत ठिणगी पडते व गॅस सुटतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे, कारण आतल्या तांब्याच्या नळीत पाणी अपुरे असताना ज्योत पेटली तर पाणी उकळून वाफ होते आणि नळी निकामी होऊ शकते. आमच्याकडे आलेल्या एका मेकॅनिकने तो स्विच ‘डायरेक्ट’ करून देण्याची तयारी दाखवली होती. असे कोणी सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा.

दाबाचा हिशेब घरबसल्या करता येतो. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार दाब. गिझरला लागणारा किमान दाब त्याच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेला असतो आणि अनेक गिझरांवर तो 0.2 ते 0.3 बार असतो, म्हणजे टाकीतले पाणी गिझरपेक्षा किमान दोन-तीन मीटर उंच हवे. वरच्या मजल्यावर छत 10 फुटांवर, गच्चीतल्या टाकीचा ओटा 2 फुटांचा आणि गिझर 5 फुटांवर असेल, तर टाकी तळाला आल्यावर उरते जेमतेम 7 फूट, म्हणजे 0.2 बार, त्यातलाही काही भाग पाइपातल्या वळणांत खर्च होतो. टाकी भरलेली असताना गिझर पेटतो आणि अर्धी झाल्यावर विझतो, याचे कारण हेच.

आता प्रत्यक्ष तपासणी. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून एक लिटरचे भांडे किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून पाहावे. वीस सेकंदांहून अधिक लागत असतील, तर प्रवाह मिनिटाला तीन लिटरही नाही आणि तेवढ्यावर गिझर सहसा पेटत नाही. हीच चाचणी शेजारच्या थंड नळावर करावी. दोन्ही मंद असतील तर टाकी, गच्चीवरचा व्हॉल्व्ह किंवा मुख्य पाइप तपासावा. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली असेल तर पाइपात हवा अडकलेली असू शकते. अशा वेळी घरातला सर्वांत खालचा नळ काही मिनिटे सोडून ठेवावा.

फक्त गरम नळ मंद असेल, तर आधी शॉवर काढून पाहावे. शॉवर काढताच गिझर पेटला तर त्याच्या भोकांत क्षार बसले आहेत असे समजावे आणि तो रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासावा. बोअरचे पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत हे दरवर्षी करावे लागते. तरीही फरक पडला नाही तर गिझरकडे वळावे. रेग्युलेटर बंद करून सेल काढावेत, थंड पाण्याचा कॉक बंद करावा आणि पान्याने आत येणारी नळी सोडवावी. तिच्या तोंडाशी नखाएवढी गोल जाळी असते. आमच्या गिझरची जाळी मी पहिल्यांदा काढली तेव्हा तिच्यावर बारीक वाळू, पांढरी खपली आणि टेफ्लॉन टेपचा एक गुंडाळलेला धागा होता. ती धुऊन बसवल्यावर गिझर पहिल्या झटक्यात पेटला. पाच मिनिटांचे हे काम प्रत्येक घराने शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते. नळी सोडवलेलीच असताना तिच्याखाली बादली धरून कॉक थोडा उघडावा. नळीतून जोरात पाणी येत असेल आणि स्वच्छ जाळी बसवूनही टकटक ऐकू येत नसेल, तर नवे सेल घालून पाहावे. त्यानेही काही झाले नाही तर पडदा फाटला असावा. तो बदलण्याचे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण त्याला लागूनच गॅसचा व्हॉल्व्ह असतो, आणि काम झाल्यावर साबणाचे पाणी लावून सांधे तपासावेत.

गरम-थंड पाणी एकत्र सोडणारा मिक्सर नळ वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. पाणी फार कढत आले म्हणून थंड बाजू उघडली की गरम बाजूचा प्रवाह घटतो आणि गिझर विझतो. त्याऐवजी गरम बाजू पूर्ण उघडी ठेवून गॅसची कळ कमी करावी.

हे सारे करूनही दाब अपुराच राहिला तर टाकीचा ओटा उंच करणे किंवा टाकीच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर छोटा प्रेशर पंप बसवणे, हे दोन मार्ग उरतात. पंप नळ उघडल्यावर आपोआप सुरू होणारा घ्यावा, त्याचा दाब गिझरवर लिहिलेल्या कमाल दाबापेक्षा कमी असल्याची खात्री करावी आणि महापालिकेच्या नळाला थेट मोटार कधीही जोडू नये. पाइप जवळ पडावा म्हणून कोणी गिझर न्हाणीघराच्या आत बसवायला सांगितला तर तेही मान्य करू नये. बंद खोलीत ज्योतीमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत ठेवून पाइप दोन हात लांब गेला तरी चालेल, फक्त तो अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाचा टाकावा.