म्यूझियमच्या कामात यायचंय? आधी काचेसमोर वाकून बघा

म्यूझियम ब्रँडिंग करायचंय म्हणून भेटायला येणाऱ्या मुलांचा पोर्टफोलिओ लोगोपासून सुरू होतो. पुढे कापडी पिशवी, कॉफीचा मग, आणि संदर्भाला लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) म्यूझियमसाठी डिझायनर अ‍ॅलन फ्लेचरने १९८९ साली केलेला लोगो. काम अप्रतिमच आहे. पण त्र्यंबकचं दर्शन उरकून परतीच्या वाटेवर संग्रहालयात शिरलेलं कुटुंब लोगो बघत नाही. बॅगा कुठे ठेवायच्या, आजीला टेकायला बाक आहे का, तिकीट देणारा खेकसतो का, हे बघतं. घरी जाऊन ‘एकदा जाऊन याच’ म्हणतं, नाहीतर ‘काही दिसतच नाही तिथं’ म्हणतं. संग्रहालयाचं नाव होतं ते यावर.

दिसण्यावरच थोडं लांबण लावते, कारण मी स्वतः अडकले ती इथेच.

रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या दालनाच्या चित्रात, काच नसते. म्हणजे काढलेली असते, पण समोरची खिडकी तीत चमकत नाही. प्रत्यक्षात खिडकीसमोर शोकेस ठेवली की दुपारभर लोक स्वतःचाच चेहरा बघतात. त्याहून वाईट सावली. दिवा माणसाच्या डोक्यामागून येत असेल तर वाचायला वाकलेल्याची सावली नेमकी लेबलवर पडते. तो आणखी वाकतो, सावली आणखी गडद होते, आणि तो पुढे निघून जातो. दिवा अगदी डोक्यावर घेतला तर मूर्तीच्या भुवयांखाली अंधार. म्हणून उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत झोत धरतात. पण हा आकडा पाठ करून भागत नाही, तुमची शोकेस किती खोल आणि छत किती उंच यावर सगळं फिरतं. उजेड वाढवू म्हणाल, तर कागद आणि कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा पुठ्ठ्याची पेटी करा, वर काच ठेवा, दिवा धरायला कुणालातरी स्टुलावर चढवा आणि वाकून वाचा. मग पाचवीतल्या पोराला वाचायला लावा. ऑर्डर देण्याआधी. नंतर फॅब्रिकेटर, म्हणजे शोकेस बनवणारा, दिव्याचं भोक बदलत नाही, बिल वाढवतो.

हे जमलं की गोष्ट सांगता येते. आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या १३,०००हून जास्त नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची, आणि बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याचा तीन कमानींचा डोंगर! दोन्ही राजांच्या बाजूचे शिलालेख नाशिकच्याच पांडवलेणीत आहेतच. पण नाणं नखाएवढं, आणि लेबल ‘चांदी, क्षहरात, पुनर्मुद्रित’. कोण थांबणार? शेजारी मोठा फोटो लावा, खालचा ठसा एका रंगात, वरचा दुसऱ्या रंगात. लोक आपसूक खऱ्या नाण्याकडे वळतात. नाशिकच्या संग्रहालयाला याहून मोठी ओळख कुठली एजन्सी काढून देणार आहे?

शॉर्टकटबद्दल विचाराल तर दोन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर माझा काडीचा विश्वास नाही. रीतसर शिकायचं तर बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२पासून म्यूझिऑलॉजीचा (संग्रहालयशास्त्राचा) विभाग आहे, अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रदर्शनाचं डिझाइन शिकवतात. तिथं नाही जमलं तरी खचू नका, अप्लाइड आर्ट किंवा इंटिरियरमधून आलेले कितीतरी जण या कामात आहेत. गुरू मात्र नीट निवडा. जो तुम्हाला फक्त स्क्रीनसमोर बसवतो आणि इन्स्टॉलेशनच्या रात्री साइटवर नेत नाही, त्याच्याकडे फार दिवस काढू नका. दालनातल्या पहारेकऱ्याशी दोस्ती करा. शाळेची सहल दारातल्या पहिल्याच शोकेसपाशी तुंबते आणि मागच्या पोरांना काही दिसत नाही, हे त्याला रोज दिसतं, क्यूरेटरला क्वचित.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीला हाल आहेत. नाशिकमध्ये वर्षभर पुरेल एवढं संग्रहालयांचं काम मिळत नाही, मध्ये स्टॉल आणि शोरूम करावेच लागतात. त्यात कमीपणा मानू नका, गर्दी कशी वळते हे स्टॉलवरच कळतं. फक्त कोटेशनमध्ये साइटच्या फेऱ्या आणि लेबलांचं मराठी मुद्रितशोधन वेगळं लावा. नाहीतर दोन्ही फुकटात करून घेतात, आणि ‘पुर्नमुद्रित’ छापून आलं की फोन तुम्हालाच येतो.