अंदमानला निवांत सुट्टी हवी? खान्देशातून निघताना या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की घराघरांत समुद्राचा विषय निघतो. मुलांना सुट्टी असते, कापूस लावायला अजून थोडा अवकाश असतो आणि कुणीतरी म्हणतं, "यंदा अंदमान करूच." आम्हीही असंच मेच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग केलं होतं. सगळ्यात मोठी चूक तीच. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास येतो, पण अंदमानात तो त्याआधीच, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोहोचतो. आपण इकडे मृगाची वाट बघत असतो तेव्हा तिथला समुद्र खवळलेला असतो. वर्षभरात तिथे साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जळगावच्या जवळपास चौपट. आमची बोट रद्द झाली आणि दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघण्यात गेले.

जायचं तर डिसेंबर ते एप्रिल. दिवाळीच्या सुट्टीतही जाता येतं, मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ असतो, म्हणून हवामान खात्याचा अंदाज बघत राहावं लागतं. शेतीवाल्या घरांना मी जानेवारीचा दुसरा पंधरवडा सुचवते. कापसाची शेवटची वेचणी आटोपलेली असते, हरभरा-गहू काढणीला आलेला नसतो. केळीवाल्यांची कापणी बारमाही, त्यांना मात्र घरच्या माणसांत पाळ्याच लावाव्या लागतील.

दुसरी चूक आपल्या सवयीतून येते. आपली सहल म्हणजे बहुतेक वेळा देवदर्शन: सकाळी वणी, दुपारी नाशिक, रात्री शिर्डी. तीच घाई आपण बेटावर नेतो. "इतका खर्च केलाय, तर सगळं बघूनच येऊ." आमच्या पॅकेजमध्ये पाच रात्रींत तीन हॉटेलं होती आणि एक दिवस चुनखडीच्या गुहा असलेल्या बाराटांग बेटाचा. त्या दिवशी पहाटे तीनला उठून गाडीत बसलो. हा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, म्हणून जिरकाटांगच्या तपासणी नाक्याहून गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, कुणाला खायला देणं, सगळं कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. ज्यांना चुनखडीच्या गुहा बघायच्याच आहेत त्यांनी जरूर जावं. पण गुडघेदुखी असलेल्या आईला घेऊन विश्रांतीसाठी आलेल्या माणसाने तो दिवस धरू नये. आई संध्याकाळी म्हणाली, "समुद्र कुठं पाह्यला आपण? गाडीच पाह्यली."

तीन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा आराखडा स्वतः केला. सात रात्री: सुरुवातीला दोन राजधानीत (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर), मग सलग चार स्वराज द्वीपावर (पूर्वीचं हॅवलॉक), शेवटची पुन्हा राजधानीत. शहीद द्वीप सोडून दिलं, बाराटांगही सोडलं. सेल्युलर जेलला मात्र अख्खी सकाळ दिली. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या इमारतीच्या सात शाखांपैकी आता तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी दहा मिनिटांत उरकून बाहेर पडणारे गट बघितले की वाईट वाटतं. स्वराज द्वीपावरच्या चार दिवसांपैकी दोन दिवसांत काहीही ठरवलं नव्हतं. ते दोन दिवस आम्हाला अजून तासातासाने आठवतात.

नावांचाही गोंधळ होतो. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप झालं आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटावर एक नाव, हॉटेलवाल्याच्या तोंडी दुसरं. आईवडिलांना दोन्ही नावं कागदावर लिहून द्या.

आता घड्याळाचा मुद्दा. वेळ भारताचीच, पण बेटं जळगावपासून पूर्वेला जवळपास १७ रेखांश दूर, म्हणून सूर्य तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. आपण जेवून, झोप काढून, चहा घेऊन साडेपाचला स्वराज द्वीपावरच्या राधानगर किनाऱ्यावर पोहोचलो तर अंधारच भेटेल. पाच-साडेपाचला उठा, सकाळ पाण्यात घालवा, दुपारी झोपा आणि साडेतीनला बाहेर पडा.

प्रवासाची आखणी खान्देशातून करताना गाडी आणि विमान यांत एका रात्रीचं अंतर ठेवाच. चेन्नईकडून जायचं तर नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत जाते. कोलकात्याकडून जायचं तर भुसावळहून गीतांजली आहे. गाडी वेळेवर पोहोचेल असं समजून त्याच दिवसाचं विमान धरणं म्हणजे हजारो रुपये पणाला लावणं. तसंच परतीचं. शेवटची रात्र स्वराज द्वीपावर काढून सकाळच्या बोटीने येऊन दुपारचं विमान पकडायचा बेत कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. बोट हवामानावर चालते, विमान थांबत नाही.

बोट रद्द झालीच तर आधी जेट्टीवर किंवा कंपनीच्या कार्यालयात जाऊन तिकीट पुढच्या फेरीवर घ्या किंवा परतावा लिहून घ्या, मग पुढच्या हॉटेलला फोन करा. घाबरून खासगी छोट्या होडीचा पर्याय शोधू नका. थोडी रोकड जवळ ठेवा, कारण छोट्या बेटांवर एटीएम कमी आणि नेटवर्क अधूनमधून जातं. बोट लागण्याचा त्रास असेल तर मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नसतो. ती निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते. बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रिकाम्या पोटी चढू नका, तळलेलं खाऊनही नको. बोटीच्या मध्यभागी बसा आणि मोबाइल बाजूला ठेवून क्षितिजाकडे बघा.

समुद्राबद्दल कळकळीने सांगते. आपल्याकडे बरेच जण विहिरीत पोहायला शिकले आहेत आणि त्यांना वाटतं पोहणं येतं म्हणजे झालं. विहिरीला ओढ नसते. लाल झेंडा असेल तिथे उतरू नका, जीवरक्षकाचं ऐका. काही खाड्यांजवळ मगरींच्या सूचनांचे फलक आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळ मगरीने पर्यटकाचा बळी घेतला आहे. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच हॉटेलात विचारून घ्या. ओहोटीला पाणी दूर जातं, उघड्या प्रवाळावर पाय कापतात. स्कूबा करणार असाल तर विमानाआधी किमान १८ तास मोकळे ठेवा, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जीवावर बेतू शकतं.

आपल्याला उन्हाची सवय आहे, हा भ्रमही घरीच ठेवा. आपलं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. तिथे हवाच दमट असल्याने घाम वाळत नाही आणि ३१ अंशांतही जीव कासावीस होतो. पाण्यात उतरताना पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, तासातासाने पाणी किंवा शहाळं घ्या.

जेवणाची फार चिंता नको. शाकाहारी जेवण मिळतं, हिंदी सगळीकडे चालते. तरी शेंगदाण्याची चटणी, बिबडे आणि दोन दिवसांच्या दशम्या आम्ही नेल्या आणि बोटीवर त्याच कामी आल्या.

परतताना बॅगा एकदा मुलांसमोर उघडून बघा. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार नेता येत नाही. विमानतळावर तपासणीत तो निघतो, आणि रांगेत रडणाऱ्या मुलाला समजावत बसावं लागतं. शंखशिंपल्याची वस्तू हवीच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि पावती हाताशी ठेवा.