सोंथायमर हे नाव कुठलं? विरळ जर्मन आडनावाचा माग असा काढा

खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या ओव्या यांविषयी ज्याने थोडंफार वाचलंय, त्याला गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे नाव ठाऊक असतं. हायडेलबर्गला प्राध्यापक असलेला हा माणूस महाराष्ट्रातल्या धनगरवाड्यांवर राहिला, वारीबरोबर चालला, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांचा जन्म दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहरातला. मी सासवडची, लग्नानंतर उल्ममध्येच स्थायिक झाले, आणि जुनी जर्मन कागदपत्रं वाचायला लोकांना मदत करते. महाराष्ट्रातून कुणी अभ्यासक आले की सोंथायमर या आडनावाचा अर्थ काय आणि ते किती ठिकाणी सापडतं, हे हमखास विचारतात. त्या निमित्ताने कुठल्याही विरळ जर्मन आडनावाचा शोध कसा घ्यायचा, ते याच नावावर दाखवते. एक गोष्ट आधीच सांगते: इथे शोध आडनावाचा आहे. सोंथायमरसरांच्या घरच्या माणसांचा नाही, आणि तो करूही नये.

पहिलं काम स्पेलिंगचं. जर्मन उच्चार ‘झोन्टहायमर’च्या जवळ जातो, आपण मराठीत सोंथायमर लिहितो. शोधताना मात्र रोमन अक्षरंच लागतात: एस, ओ, एन, टी, एच, ई, आय, एम, ई, आर. यातला टी-एच हा एक आवाज नाही. ‘सोंट’ इथे संपतो आणि पुढे ‘हायमर’ सुरू होतो. नाव कुठे तुटतं ते कळलं की निम्मं काम झालं, कारण जर्मन आडनावं बहुतेकदा जोडाक्षरांसारखी नाही, जोडशब्दांसारखी घडलेली असतात. नावात टिंबवाली अक्षरं असतील (ए, ओ किंवा यूवर दोन टिंबं), तर टिंबांशिवाय आणि त्या अक्षरापुढे ई लावूनही शोधा.

मग नाव कुठल्या घरातलं ते ठरवा. जर्मन आडनावांचे पाच वर्ग मानतात: बापाच्या किंवा आजोबांच्या नावावरून आलेली, धंद्यावरून आलेली (म्युलर, श्मिट, श्नायडर, फिशर, वेबर ही देशातली सर्वांत मोठी पाच आडनावं धंद्यांचीच आहेत), गावावरून आलेली, घराच्या जागेवरून आलेली (ओढ्याकाठचा, टेकडीवरचा), आणि अंगलक्षण किंवा स्वभावावरून पडलेली. सोंथायमर तिसऱ्या वर्गात बसतं. ‘हाइम’ म्हणजे वस्ती, आणि शेवटचा ‘एर’ आपल्या ‘कर’चं काम करतो. जेजुरीचा जेजुरीकर, तसा सोंटहाइम गावचा सोंटहायमर. दक्षिण जर्मनीत गावावरून आलेल्या नावांना हा ‘एर’ लागतो. उत्तरेत तेच काम गावाच्या नुसत्या नावाने किंवा ‘मान’ लावून होतं. म्हणून नावाची शेपटीसुद्धा दिशा सांगते.

आता ‘सोंट’. इथे बरेच जण फसतात, कारण जर्मनमध्ये सूर्याला ‘झोने’ म्हणतात आणि ‘सूर्याचं घर’ हा अर्थ फार गोड वाटतो. तो खरा नाही. अर्थ लावताना आजचं रूप बघायचं नाही, गावाच्या नावाचं जुनं लेखी रूप बघायचं. ते ‘सुंटहाइम’ आहे, आणि ‘सुंट’ म्हणजे दक्षिण. दक्षिणेकडची वस्ती, एवढाच अर्थ. त्याच पद्धतीची नॉर्डहाइम, ओस्टहाइम, वेस्टहाइम ही गावं जर्मनीत जागोजाग आहेत. मध्ययुगाच्या सुरुवातीला एखाद्या मुख्य ठाण्याभोवती दिशांनुसार वस्त्यांना नावं दिली गेली, त्यांतली ही. बव्हेरियाच्या आलगाऊ भागातलं सोंटहोफेन हे शहरही याच ‘दक्षिण’चं. तुमच्या हातातल्या आडनावाचा अर्थ फार सुंदर निघाला, तर दोनदा तपासा. लोकांनी मागाहून रचलेले अर्थ साधारणपणे खऱ्या अर्थापेक्षा देखणे असतात.

नाव किती पसरलंय ते कसं बघायचं? यासाठी माझा पहिला भरवसा माइन्त्सच्या विज्ञान आणि साहित्य अकादमीच्या डिजिटल आडनाव कोशावर आहे. २०१२ पासून तो तयार होतोय आणि सगळ्यांना मोफत खुला आहे. त्याच्यामागे २००५ सालचे घरगुती टेलिफोन जोडण्यांचे आकडे आहेत. तेच साल का? त्यानंतर लोक लँडलाइन सोडत गेले, त्यामुळे नावांची अशी दाट नोंद पुन्हा मिळणं कठीण. त्या याद्यांत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं निघाली. एकट्या म्युलरच्या अडीच लाखांहून जास्त जोडण्या होत्या, आणि लक्षावधी आडनावं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घरांत होती. एका जोडणीमागे साधारण तीन माणसं धरा, म्हणजे माणसांचा अंदाज येतो. आकडा घरांचा आहे, डोक्यांचा नाही, हे विसरू नका.

नकाशा उघडलात की दोन पर्याय मिळतात: निव्वळ संख्या आणि लोकसंख्येच्या प्रमाणात. आधी प्रमाणाचा नकाशा बघा. निव्वळ संख्येच्या नकाशावर म्युनिक, स्टुटगार्ट आणि बर्लिन नेहमीच ठळक दिसतात, कारण तिथे सगळ्याच आडनावांची माणसं कामाला जातात. प्रमाणाच्या नकाशावर मूळचा पट्टा वर येतो. सोंथायमर हे नाव नैऋत्य जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गचा पूर्व भाग आणि त्याला लागून असलेलं बव्हेरियातलं श्वाबेन, या मुलखाचं. पिनकोड ८९ ने सुरू होतात तो उल्म, न्यू-उल्म, हायडनहाइम, ग्युन्त्सबुर्ग हा टापू आणि त्याचे शेजारी आधी बघा. पूर्वेकडच्या, म्हणजे सायलेसिया, पूर्व प्रशिया किंवा सुडेटेनच्या नावांबाबत हा नकाशा दगा देतो. १९४५ नंतर सव्वा कोटीच्या आसपास माणसं तिथून हाकलली गेली आणि त्यांची नावं पश्चिम जर्मनीभर विखुरली. तशा नावांसाठी जुन्या पत्ता-पुस्तिका आणि पहिल्या महायुद्धाच्या हताहत-याद्या उपयोगी पडतात. त्या याद्यांतल्या जवळपास ८५ लाख नोंदी संगणक-वंशावळ संघटनेच्या स्वयंसेवकांनी टंकून मोफत ठेवल्यात. प्रत्येक सैनिकापुढे गावाचं नाव असतं, त्यामुळे १९१४ ते १९१८ च्या सुमाराचा नकाशा हाताने काढता येतो. मी नेहमी तो काढायला लावते. वेळ लागतो, पण फोनच्या नकाशापेक्षा तीन पिढ्या मागचं दिसतं.

इथून पुढे सगळ्यांत मजेशीर भाग. सोंटहाइम नावाची गावं अनेक आहेत. उल्मच्या ईशान्येला ब्रेन्त्स नदीवरचं सोंटहाइम, तिथे उल्म-आलेन रेल्वे थांबते. पश्चिमेला श्वेबिश आल्ब डोंगराळ पठारावर हेरोल्डश्टाट गावातलं सोंटहाइम, चुनखडीच्या गुहेसाठी प्रसिद्ध. दक्षिणेला मेमिंगेनजवळ उंटरआलगाऊ जिल्ह्यातलं सोंटहाइम. हाइलब्रोन शहराला जोडलेलं आणखी एक, आणि श्वेबिश हालजवळ ओबरसोंटहाइम नि उंटरसोंटहाइम, पैकी ओबरसोंटहाइम हे कवी शुबार्टचं जन्मगाव. सगळी यादी हवी तर संगणक-वंशावळ संघटनेच्याच ऐतिहासिक ग्रामकोशात गावाचं नाव टाका. पूर्वी गाव कुठल्या राज्यात होतं, कुठल्या चर्चच्या कक्षेत होतं, सगळं तिथे मिळतं.

आणि आता माझं मुख्य म्हणणं. अशा आडनावाचं पहिलं घर शोधायला लोक थेट सोंटहाइमला जातात आणि रिकाम्या हाताने परततात. सोंटहाइममध्ये सगळेच सोंटहाइमचे, तिथे कुणाला सोंटहायमर कोण म्हणणार? जेजुरीत राहणाऱ्याला जेजुरीकर म्हणून कुणी ओळखत नाही. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथल्या शेजाऱ्यांनी हे नाव लावलं. म्हणजे आडनाव जन्माला आलं ते त्या गावापासून एक-दोन दिवसांच्या चालीवरच्या शहरात किंवा मोठ्या खेड्यात. मध्ययुगात खेड्यातला कूळमाणूस शहरात जाऊन एक वर्ष आणि एक दिवस राहिला की जमीनदाराच्या बंधनातून सुटे, असा बऱ्याच शहरांचा कायदा होता. उल्म त्या काळी मोठं स्वतंत्र राजनगर, कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. आणि उल्मभोवती तीन दिशांना तीन सोंटहाइम. त्यामुळे या नावासाठी पहिला शोध उल्मच्या नागरिक-नोंदी, कर-याद्या आणि जमीनमहसुलाच्या वह्यांत घ्यायचा. उल्मचं शहर अभिलेखागार वाइनहोफ चौकातल्या श्वोअरहाउसमध्ये आहे. व्युर्टेंबर्गच्या जुन्या महसूल-वह्या स्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात मिळतात. मध्ययुगातल्या नोंदीत ‘सुंटहाइमचा हान्स’ अशा धर्तीचं काही दिसलं, तर ते अजून आडनाव नाही, नुसती ओळख आहे. मुलगा त्याच शहरात जन्मला आणि तरीही सोंटहायमर म्हणवला, तर आडनाव पक्कं झालं समजा.

तीनपैकी कुठलं सोंटहाइम, हे ठरवायला धर्म फार कामाचा. ब्रेन्त्सकाठचं सोंटहाइम प्रोटेस्टंट व्युर्टेंबर्गच्या राज्यात होतं, म्हणून तेही प्रोटेस्टंट. उंटरआलगाऊमधलं कॅथलिक. उल्म शहर १५३० नंतर प्रोटेस्टंट झालं. सतराव्या-अठराव्या शतकात लोक धर्म ओलांडून सहसा लग्न करत नसत, म्हणून एखाद्या घराण्याची साखळी सलग कॅथलिक असेल तर ब्रेन्त्सकडे नजर टाकायची घाई नको.

चर्चच्या वह्या हा पुढचा टप्पा. १ जानेवारी १८७६ पासून सगळ्या जर्मनीत सरकारी नोंदणी कचेरी, म्हणजे श्टांडेसआम्ट, जन्म-लग्न-मृत्यू नोंदवते. त्याआधीचं सारं पाद्र्यांकडे. प्रोटेस्टंट वह्या आर्खिओन या पोर्टलवर पैसे भरून वाचता येतात, कॅथलिक वह्या माट्रिकुलावर मोफत आहेत, मात्र प्रत्येक धर्मप्रांत तिथे नाही. व्युर्टेंबर्गमध्ये १८०८ पासून पाद्र्यांना कुटुंब-नोंदवह्या ठेवणं सक्तीचं झालं. एका पानावर एक कुटुंब: नवरा-बायको, त्यांचे आईबाप, सगळी मुलं तारखांसकट. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. तीन पिढ्या एका बसणीत निघतात.

मागे जाताना एक दरी लागते. १६३४ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धातल्या नोर्डलिंगेनच्या लढाईनंतर, हा सगळा मुलूख लुटला गेला, पाठोपाठ प्लेग आला. अनेक गावांतल्या वह्या त्यानंतरच सुरू होतात. ओसाड गावांत पुढे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाकडून माणसं येऊन वसली, त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावरचं घराणं गावचं मूळचं आहे असं धरून चालू नका.

या वह्यांची लिपी कुर्रेंट, म्हणजे जुनं जर्मन हस्ताक्षर. मोडी शिकलेल्यांना तिची भीती वाटणार नाही. हात न उचलता लिहिलेलं, ई आणि एन जवळपास सारखे, यूच्या डोक्यावर छोटी कमान, एसचे दोन प्रकार. आधी स्वतःचं नाव त्या लिपीत वहीभर गिरवा, मग शोधायचं आडनाव गिरवा. त्या आडनावाचा आकार डोळ्यांत बसला की पानं भराभर चाळता येतात. स्पेलिंग १८७६ पर्यंत पाद्र्याच्या कानावर अवलंबून होतं: सोंटहायमर, सुंटहायमर, दोन एनवाला, ‘ई-आय’ऐवजी ‘ए-आय’वाला, सगळे एकाच घरातले असू शकतात. बाईचं नाव असेल तर शेवटी ‘इन’ लागतो, सोंटहायमरिन. हे रूप वेगळं आडनाव नाही.

याउलट झोंडहाइमर, म्हणजे टीऐवजी डीवालं आडनाव, लगेच आपल्यात ओढू नका. झोंडहाइम नावाची गावं वेगळी आहेत, ऱ्होन डोंगराजवळ एक आहे. हे नाव अनेक ज्यू घराण्यांचंही आहे. स्टुटगार्टमध्ये १९२६ साली जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ फ्रांत्स झोंडहाइमर त्यांतलेच. ज्यू घराण्यांना कायमचं आडनाव घेण्याची सक्ती राज्याराज्यांत वेगवेगळ्या साली झाली: बाडेन १८०९, प्रशिया १८१२, बव्हेरिया १८१३, व्युर्टेंबर्ग १८२८. त्यांच्या बाबतीत मध्ययुगीन कर-यादीतून धागा जोडायला जाणं चूक. त्या सालांच्या नाव-घोषणा आधी शोधा.

आडनाव एकच म्हणजे घराणं एकच, हे तर मुळीच धरू नका. राज्यशास्त्रज्ञ कुर्ट सोंथायमर (१९२८–२००५) बाडेनमधल्या गेर्न्सबाखचे, गुंथर सोंथायमर उल्मचे. सोंटहाइम अनेक, तसे सोंटहायमरही अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निपजले. म्हणून ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ छापून देणाऱ्यांना पैसे देऊ नका. चिन्ह एका कुटुंबाचं असतं, आडनावाचं नसतं.

नाव एकाएकी वहीतून गायब झालं तर नदीकडे बघा. अठराव्या शतकात या मुलखातली हजारो श्वाबी कुटुंबं उल्मच्या घाटावरून ‘उल्मर शाख्टेल’ नावाच्या साध्या लाकडी होड्यांत बसून डॅन्यूबवाटे हंगेरी आणि बानाटकडे गेली. एकोणिसाव्या शतकात ओघ अमेरिकेकडे वळला. बाडेन-व्युर्टेंबर्गच्या राज्य अभिलेखागाराची देशांतराची यादी संगणकावर शोधता येते.

शेवटचं, पत्र. कचेरीला लिहिताना एका पत्रात एकच प्रश्न विचारा, आणि त्यात पूर्ण नाव, गाव, धर्म, अंदाजे साल द्या. जन्माच्या नोंदी ११० वर्षं, लग्नाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षं बंद असतात. त्या आधी मागायच्या तर थेट वंशज असल्याचा किंवा कायदेशीर हितसंबंधाचा पुरावा जोडावा लागतो. शुल्क किती ते आधीच विचारा, आणि ‘नोंद सापडली नाही तरी शोधाचं शुल्क भरेन’ असं एक वाक्य पत्रात घाला.